धावपट्टीवरचा रविवार

मैत्रिणींनो, संक्रांत झाली, तिळगुळाचे डबे रिकामे झाले आणि हळदीकुंकवाची धावपळही आता आटोपत आली. उरलेल्या गुळाचं काय करायचं, ते या वेळी मी सांगेन असं तुम्हांला वाटलं असेल. पण गूळ काही पळून जात नाही. आज मला तुम्हांला आमच्या एका रविवारची हकीगत सांगायची आहे. ती सांगताना माझी एक चूकही कबूल करायची आहे.

आमच्या गावाबाहेर, एमआयडीसीच्या पलीकडे, एक छोटी धावपट्टी आहे. तिथे मोठी विमानं येत नाहीत. एखाद्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं तर तेवढंच. पण काही वर्षांपासून तिथे विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून घरघर करत पांढरं विमान जातं. इतकी वर्षं मी ते पाहते, पण ते कोण चालवतं आणि शिकतं कसं, हे काही कधी मनात आलं नाही. स्टेशनजवळ राहणाऱ्याला गाडीची शिट्टी ऐकू येत नाही म्हणतात ना, तसंच.

त्या शाळेने यंदा गावकऱ्यांसाठी एका रविवारी दारं उघडी ठेवली. मी ज्या मुलींच्या शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, तिथे तसं पत्र आलं. माझी थोरली त्याच शाळेत दहावीला आहे. तिने सूचनाफलकावर ते वाचलं आणि घरी येऊन माझ्या मागेच लागली. परीक्षा जेमतेम महिन्यावर आलेली. मी नाहीच म्हणणार होते, पण हे म्हणाले, "दोन तासांनी काय बिघडतंय?" पाचवीतला धाकटा तर बूट घालूनच बसला. आणि सासूबाई म्हणाल्या, "मीही येते. जन्मभर विमान खालूनच पाहिलं, एकदा शेजारून तरी बघू दे."

मी आपल्या सवयीप्रमाणे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही असा डबा भरला. फाटकावर ओळखपत्रं पाहिली, नावं लिहून घेतली आणि तिथल्या माणसाने हात जोडून सांगितलं, "ताई, डबा गाडीतच ठेवा." मला जरा रागच आला. पण कारण ऐकलं आणि पटलं. खरकटं पडलं की कावळे-घारी येतात, कुत्री येतात. उडत्या विमानावर पक्षी आदळला तर मोठा अपघात होऊ शकतो. चॉकलेटचा कागद, पिशवी, साधी बाटलीची टोपणंसुद्धा तिथे चालत नाहीत. ओढणी आणि पदर नीट खोचून घ्यायला सांगितलं, लहान मुलांचा हात सोडायचा नाही म्हणाले. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, विमानाच्या नाकावरच्या पंख्याजवळ उभं राहायचं नाही. तो बंद असला तरी चालूच आहे असं समजायचं.

आम्हांला फिरवून दाखवायला ज्या बाई होत्या, त्या तिथल्या शिक्षिका. असतील सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या. पांढरा सदरा, केस घट्ट बांधलेले, बोलणं विदर्भाकडचं. धाकट्याने सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही खरंच चालवता?" त्या हसून म्हणाल्या, "चालवतेही आणि चालवायला शिकवतेही."

विमान जवळून पाहिलं आणि मला धक्काच बसला. केवढंसं ते! शिकणारा आणि शिकवणारा, दोघंच मावतील एवढं. सेसना १५२ असं त्याचं नाव. रिकाम्या विमानाचं वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मारुती आठशेपेक्षाही कमी. दार पत्र्याच्या कपाटासारखं पातळ. सासूबाईंनी पंखाला हळूच हात लावून पाहिला, जसा त्या नव्या भांड्याला लावतात.

मग बाईंनी उड्डाणाच्या आधीची तपासणी दाखवली, आणि मैत्रिणींनो, मी तिथेच रमले. विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारायची. चाकं, पंखांचे हलणारे भाग, इंजिनातलं तेल, सगळं हात लावून बघायचं. पंखातल्या टाकीतून थोडं पेट्रोल एका पारदर्शक पेल्यात काढायचं. ते निळसर असतं. चुकीचं इंधन भरलं गेलं तर ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंग घातलेला असतो. रात्रीच्या गारठ्याने टाकीत पाणी सुटलं असेल, तर ते जड म्हणून पेल्याच्या तळाशी वेगळं दिसतं. हे सगळं एका छापील यादीवरून करायचं. हजारो तास उडालेला माणूसही यादी वाचूनच करतो, पाठ आहे म्हणून सोडत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपण रोज करतो. गॅस बंद, कडी लावली, नळ बंद." मी मनात म्हटलं, यादी नाही म्हणून तर कोपऱ्यावरून परत येऊन गॅस बघावा लागतो! तेव्हापासून मी दाराच्या आतल्या बाजूला एक छोटी यादी चिकटवली आहे. तुम्हीही करून बघा, डोक्याचा ताप वाचतो.

धावपट्टीच्या कडेला खांबावर लेंग्याच्या एका पायासारखी कापडी नळी फडफडत होती. तिला विंडसॉक म्हणतात. वारा कुठून येतो ते तिच्यावरून कळतं. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतं आणि उतरतं, कारण पंखाखाली हवा जितकी वेगाने येईल तितकी ती विमानाला लवकर उचलते. दुपारी हवा तापून विरळ झाली की तीच धावपट्टी अपुरी वाटू लागते. म्हणून शिकणाऱ्यांची खरी लगबग सकाळच्या गारव्यात असते. माझे वाळत घातलेले कपडे आणि त्यांची विमानं एकाच वेळेला का गाठ घेतात, ते मला त्या दिवशी कळलं.

आता चुकीकडे येते. बाईंनी माझ्या लेकीला एकामागून एक सगळं विचारताना पाहिलं होतं. त्यांनी सहज तिला विचारलं, "तू दहावीला ना? पुढे काय घेणार?"

लेकीने तोंड उघडण्याआधीच मी बोलून गेले. "आम्ही तिला कॉमर्सला घालणार आहोत. कॉलेज घरापासून पाच मिनिटांवर आहे. हे विमानबिमान आपलं पाहण्यापुरतं."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं. लेक विंडसॉककडे पाहत होती.

पुढच्या खोलीत विमान चालवण्याचा अनुभव देणारं यंत्र होतं. सिम्युलेटर म्हणतात त्याला. खुर्ची, समोर पडदे, हातात गाडीच्या अर्ध्या स्टिअरिंगसारखं कंट्रोल. लेक बसली, तिने विमान छान सरळ नेलं. मग सगळ्यांनी मला पुढे ढकललं. पदर खोचून बसले खरी, पण विमान जरासं डावीकडे कललं की मी उजवीकडे जोरात ओढायची, ते उजवीकडे गेलं की डावीकडे. पडद्यावरची शेतं नुसती डुलू लागली. घाबरून मी कंट्रोल अंगाकडे ओढलं, तर नाक वर गेलं, वेग उतरला आणि भोंग्यासारखा आवाज सुरू झाला.

"नाक खाली करा," बाई म्हणाल्या.

"खाली? अहो, मी पडतेच आहे!"

"म्हणूनच खाली. वेग परत आला की विमान आपोआप सावरेल. आणि हात सैल सोडा. चिमटीत मीठ धरता ना, तेवढंच धरायचं."

मी हात सैल केला आणि खरंच ते हळूहळू स्थिर झालं. बाई म्हणाल्या, शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतो. ही शिकाऊ विमानं अशी बनवलेली असतात, की नीट बसवून दिली तर ती आपली सरळ जातात. आपल्याच ओढाताणीने ती हेलकावतात.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिकाऊ विमानात कंट्रोल दोन असतात, एक शिकणाऱ्याकडे आणि एक शिकवणाऱ्याकडे. दोघंही एकाच वेळी ओढू लागले तर धोका, आणि दोघांनाही वाटलं की विमान दुसऱ्याच्या हाती आहे तर त्याहून मोठा धोका. म्हणून तोंडाने स्पष्ट बोलायचं. देणारा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल". घेणारा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल". देणारा पुन्हा एकदा तेच म्हणून खात्री करतो. त्यानंतर शिकवणाऱ्याने चोरून पाय दाबायचा नाही, हात लावायचा नाही. गरज पडलीच तर परत मागून घ्यायचं, तेही बोलून.

सासूबाईंनी विचारलं, "बाई, पहिल्यांदा पोराला एकटं वर सोडता तेव्हा तुमचं काय होतं हो?"

"पोटात गोळा येतो, आजी. सोडण्याआधी दहा वेळा उतरवून घेते त्याच्याकडून. पण एकदा मी विमानातून उतरले, की उतरले. कडेला उभी राहते, चेहरा हसरा ठेवते." पहिलं एकट्याचं उड्डाण करून विद्यार्थी खाली आला की सगळे मिळून त्याच्यावर बादलीभर पाणी ओततात म्हणे. सासूबाईंना ते फार आवडलं.

बाहेर पडताना भिंतीवरच्या तक्त्यांपुढे आम्ही थांबलो. मुंबईत जुहूचं विमानतळ १९२८ साली सुरू झालं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान आणलं ते तिथेच. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. पण शेजारच्या तक्त्यावरची बाई मला ठाऊक नव्हती. सरला ठकराल. १९३६ साली लाहोरला त्यांनी एकटीने विमान उडवलं, तेही साडी नेसून. वय २१, आणि घरी चार वर्षांची मुलगी. १९३९ साली वैमानिक असलेला नवरा अपघातात गेला. पुढे महायुद्धामुळे नागरी शिक्षण थांबलं आणि व्यावसायिक परवान्याचं स्वप्न राहिलं. मग त्यांनी कलेचं शिक्षण घेतलं आणि फाळणीनंतर दिल्लीत कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या नक्षीकामात नाव मिळवलं. पुढच्या तक्त्यावर आपल्या मराठी कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या. १९८५ साली सगळा चमू स्त्रियांचाच असलेलं विमान त्यांनी कलकत्त्याहून सिलचरला नेलं. आज जगात वैमानिकांमध्ये स्त्रिया शंभरात पाचच्या आसपास आहेत, आणि आपल्या देशात पंधराच्या आसपास. मी तो आकडा दोनदा वाचला.

डबा आम्ही गाडीतच खाल्ला. लेक गप्प होती.

रात्री ती माझ्याबरोबर भांडी पुसत होती, तेव्हा मी विचारलं, "तुला खरंच विमान चालवायचंय का गं?"

"मला काय माहीत, आई? एकदाच तर पाहिलंय." तिने ताटली फडताळात ठेवली. "पण मी कॉमर्सला जाणार, हे मला आज त्या बाईंसमोरच कळलं."

मैत्रिणींनो, मला काही उत्तर सुचलं नाही. कारण तिचं खरं होतं. कॉलेज जवळ आहे, क्लासचा खर्च कमी, येणं-जाणं सोपं, असं सगळं हे आणि मी रात्री अंथरुणावर पडून ठरवलं होतं. तिच्या भल्यासाठीच. फक्त तिला विचारायचं राहून गेलं होतं.

आणि हे मला नवीन नव्हतं. मला दहावीला गणितात १५० पैकी १३१ होते. पण गावात कला शाखेचं कॉलेज होतं आणि विज्ञानासाठी एस.टी.ने तालुक्याला जावं लागलं असतं. वडील रागावले नाहीत, आईने अडवलं नाही. प्रेमानेच सगळं ठरलं आणि मी बी. ए. झाले. मराठी मला आवडलं, आजही आवडतं, तक्रार नाही. पण कोणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे आजही मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो. लेक म्हणाली, "मला गणित सोडायचं नाही. पुढचं पुढे." परीक्षा होऊ दे, गुण येऊ देत, मग जूनमध्ये अर्ज ती भरेल आणि आम्ही शेजारी बसू, असं ठरलं. सायन्सचा खर्च कसा जमवायचा याचा हिशेब यांनी वहीत मांडायला घेतला आहे. तो अजून जमलेला नाही, हेही सांगून टाकते.

तुमच्या घरी अशी एखादी लेक किंवा भाची असेल, तर बाईंकडून विचारून आणलेल्या चार गोष्टी लिहून ठेवा.

पहिली गोष्ट विषयांची. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आजवर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलं आहे. ही अट सैल करण्याच्या विचाराच्या बातम्या २०२५ साली आल्या होत्या, तेव्हा अर्जाआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा ताजा नियम जरूर पाहा. हे विषय सुटले असतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते नंतरही देता येतात. शिकाऊ परवान्याला वय १६ पुरतं, खाजगी परवान्याला १७, व्यावसायिकला १८. खाजगीसाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, व्यावसायिकसाठी २०० तासांचं.

दुसरी गोष्ट तब्येतीची. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, नंतर नको. चष्मा असला म्हणून नागरी वैमानिकाची वाट बंद होत नाही, पण चष्म्याने नजर पूर्ण सुधारायला हवी आणि रंग नीट ओळखता यायला हवेत.

तिसरी गोष्ट पैशाची. व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास, कुठे कुठे त्याहूनही जास्त जातो. म्हणून जाहिरातीला भुलू नका. महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांच्या यादीत नाव आहे का ते बघा. प्रत्यक्ष जाऊन विचारा, विमानं किती आणि त्यांतली आज उडणारी किती? शिकवणारे किती? मागच्या तुकडीला २०० तास पुरे करायला किती महिने लागले? सगळी फी एकरकमी भरू नका. घर किंवा शेत गहाण टाकण्याआधी तर दहा वेळा विचार करा. परवाना हातात आला की नोकरीही ठेवलेली आहे, असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा.

चौथी गोष्ट, ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकींसाठी. हवाई दलात मुली १९९० च्या दशकापासून विमानं चालवत आहेत आणि २०१६ पासून लढाऊ विमानंही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींना प्रवेश मिळाला आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या. तिथलं शिक्षण सरकारी खर्चाने होतं. हवाई दलाकडे जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, आणि डोळ्यांचे नियम कडक असतात. नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था आहे, तिची चौकशी दहावीतच करावी. आणि जिथे एन.सी.सी.ची एअर विंग असेल, तिथे मुलीला नाव घालायला सांगा. छोट्या मायक्रोलाइट विमानातून वर जाण्याची संधी तिथे मिळू शकते.

सगळ्या मुलींनी वैमानिक व्हावं असं मला म्हणायचं नाही. माझी लेक होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण या वर्षी ज्यांच्या घरी दहावी आहे, त्यांनी मार्चपर्यंत वाट न पाहता एका संध्याकाळी मुलीला विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. मला ते गप्प बसणंच सगळ्यांत जड गेलं.

तुमच्या गावाजवळ असा दिवस असेल तर मुलींना घेऊन जरूर जा. सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी घ्या, ओळखपत्र विसरू नका. डबाही न्या, पण गाडीतच ठेवा. आणि तुमच्या घरी काय उत्तर आलं ते मला पत्राने कळवा. गुळाचं पुढच्या वेळी बघू.